देवळातली झोप आणि नगराचा हिशेब

अ‍ॅटिका आणि बिओशिया या दोन प्रदेशांच्या सीमेवर ओरोपोस नावाचे ठिकाण आहे. तेथे आंफिआराओस या रोग बरे करणाऱ्या वीरदेवतेचे देवस्थान होते. इ. स. पूर्व चौथ्या शतकाच्या पूर्वार्धात या देवस्थानाचे नियम दगडावर कोरले गेले आणि तो दगड आपल्या नशिबाने टिकला. देव रोग कसा बरा करतो, हे त्यात सांगितले असेल अशा अपेक्षेने तो वाचायला घ्यावा, तर आरंभीच पुजाऱ्याच्या हजेरीचा नियम समोर येतो. हिवाळा सरल्यापासून नांगरणीच्या दिवसांपर्यंत पुजाऱ्याने देवस्थानात यायचे, तीन दिवसांहून जास्त गैरहजर राहायचे नाही आणि दर महिन्याला किमान दहा दिवस तेथे मुक्काम करायचा. हा नियम करण्याची पाळी का आली असेल, हे कोणत्याही देवस्थानाच्या विश्वस्ताला सांगावे लागणार नाही.

पुढे रोग्यासाठी नियम आहेत. दृष्टांतासाठी देवळात झोपू इच्छिणाऱ्याने किमान नऊ ओबोल, म्हणजे दीड द्राख्मा, चोख नाण्यांत भरायचे. पैसे पेटीत टाकायचे, तेही नेओकोरोसच्या देखत. नेओकोरोस म्हणजे देवळाची निगा राखणारा सेवक. पैसे भरणाऱ्याचे नाव आणि गाव त्याने फळीवर लिहायचे आणि ती फळी ज्याला पाहायची त्याला पाहता येईल अशी ठेवायची. झोपण्याच्या जागेत पुरुषांनी वेदीच्या पूर्वेला निजायचे, स्त्रियांनी पश्चिमेला. इतके सगळे बारकाईने ठरवून झाल्यावर दगड गप्प होतो. झोप लागल्यावर काय दिसावे, दिसले नाही तर काय करावे, याबद्दल एक अक्षर नाही.

हे पुस्तक या दोन गोष्टींबद्दल आहे: दगडाच्या बडबडीबद्दल आणि त्याच्या मौनाबद्दल. ग्रीकांच्या धर्मात आरोग्यदेवतांची उपासना ही सर्वांत खाजगी गोष्ट, असे पाठ्यपुस्तकांतून सांगितले जाते. अथीना किंवा झ्यूस ही नगराची दैवते; अस्क्लेपिओस मात्र एकट्यादुकट्या माणसाचा देव, जो रात्री उशाशी येऊन उभा राहतो आणि दुखऱ्या जागेला हात लावतो. या चित्रात तथ्य आहे, पण ते अर्धे आहे. शिलालेख वाचत गेले की दिसते ते असे. नगराने स्वप्नाला हात लावला नाही. स्वप्नाच्या आधीचे आणि नंतरचे जवळजवळ सारे मात्र त्याने आपल्याकडे घेतले: वर्गणी, बळीच्या मांसाचे वाटे, पुजाऱ्याची नेमणूक, नवसाच्या वस्तूंची यादी, उत्सव, भांडणतंटे. आणि त्या एका मोकळ्या ठेवलेल्या रात्रीच्या जोरावर नगराची सार्वजनिक पूजा उभी राहिली. माझा सारा युक्तिवाद एवढाच आहे.

ओरोपोसच्या दगडावर ही वाटणी एका वाक्यात सापडते. एरवी पुजारी हजर असेल तर बळीवर त्याने प्रार्थना म्हणायची आणि वेदीवरचा विधी करायचा. तो नसेल तर बळी देणाऱ्याने स्वतःच. उत्सवाच्या दिवशी मात्र प्रत्येकाने आपापल्या बळीपुरती आपली प्रार्थना करायची, आणि सार्वजनिक बळींची प्रार्थना पुजाऱ्याने. मानही तसाच वाटलेला आहे. एरवी प्रत्येक बळीचा खांद्याचा भाग पुजाऱ्याचा, पण उत्सवात त्याने फक्त सार्वजनिक बळींचा खांदा घ्यायचा. मांस देवस्थानाच्या हद्दीबाहेर न्यायचे नाही. देवस्थानात कोणाचा खाजगी तंटा झाला, मग तो गावकऱ्याचा असो वा परक्याचा, तर तीन द्राख्मांपर्यंतचा निवाडा पुजाऱ्याने करायचा आणि त्याहून मोठी बाब न्यायालयात जायची. म्हणजे पुजारी हा देव आणि माणूस यांच्यातला आवश्यक दुवा नव्हताच. तो होता नगराचा माणूस. तो नसला तरी रोग्याची प्रार्थना देवापर्यंत पोहोचत होती; अडत होते ते फक्त नगराचे काम.

अस्क्लेपिओसची ओळख थोडक्यात करून देतो. होमरच्या इलियडमध्ये तो देव नाही. ट्रिक्काहून आलेल्या माखाओन आणि पोडालेइरिओस या दोन वैद्य-योद्ध्यांचा तो बाप, एक निष्णात वैद्य. पुढे तो अपोलो आणि कोरोनिस यांचा मुलगा ठरला आणि पेलोपोनीजमधल्या एपिडाउरोसने त्याच्या जन्मस्थानाचा दावा इतक्या नेटाने लावून धरला की बाकीचे दावेदार मागे पडले. सर्प हे त्याचे चिन्ह, हिगिएया म्हणजे आरोग्य ही त्याची मुलगी. एवढे पुरे. पुराणकथा इतरत्र भरपूर मिळतील.

अथेन्समध्ये हा देव कसा आला, ती हकिकत मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण तिच्यात एका खाजगी माणसाचे नाव ठळकपणे येते. टेलेमाखोस असे त्या गृहस्थाचे नाव. त्याने उभारलेल्या स्मारकाच्या तुकड्यांवरून कळते की इ. स. पूर्व 420 मध्ये एलेउसिसच्या महा-रहस्यविधींच्या दिवसांत देव समुद्रमार्गे आला, झेआ बंदराकडून शहरात पोहोचला, काही काळ एलेउसिनिओन या एलेउसिसच्या देवतांच्या शहरातल्या देवस्थानात राहिला आणि मग अक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावर, डायोनिससच्या नाट्यगृहाच्या वरच्या अंगाला स्थिरावला. जागा टेलेमाखोसने तयार केली, खर्चही त्याचाच. मग वाद उपटला. केरिकेस या जुन्या पुरोहित घराण्याने जमिनीवर हक्क सांगितला आणि काही काम अडवले. स्मारकावर हे सारे वर्षवार नोंदलेले आहे. कोणत्या अधिकाऱ्याच्या वर्षी काय बांधले आणि कोणी अडथळा आणला, ते सगळे. देवाच्या आगमनाची कथा आणि जमिनीच्या वादाचा कागद एकाच दगडावर आहेत.

430 मध्ये सुरू झालेल्या भयंकर साथीमुळे अथेन्सने हा देव आणला, असे सर्रास म्हटले जाते. मला ते अर्धवट पटते. साथीची आठवण लोकांच्या अंगावर ताजी होती हे खरे, पण देव आला तो साथ ओसरल्यावर काही वर्षांनी. मधल्या काळात एपिडाउरोस स्पार्टाच्या बाजूला होते. 421 मध्ये स्पार्टाशी नीकियासचा तह झाल्यावरच तिकडच्या देवाचे येणे सुकर झाले असणार. नाटककार सोफोक्लिसने देवाला आपल्या घरी ठेवून घेतले आणि त्यामुळे मृत्यूनंतर त्याची डेक्सिओन या नावाने पूजा झाली, ही कथा नंतरच्या लेखकांनी सांगितलेली आहे. ती खरी धरली किंवा सोडून दिली, तरी देवाचे आतिथ्य नगराने नव्हे, कोणा एका माणसाने केले ही समजूत तिच्यातून दिसते.

टेलेमाखोसच्या मागे काय झाले? इ. स. पूर्व चौथ्या शतकाच्या मध्यापर्यंत देवस्थान नगराच्या ताब्यात गेलेले दिसते. पुजारी दरवर्षी चिठ्ठ्या टाकून निवडला जाऊ लागला आणि ही पाळी अथेन्सच्या गणांमधून फिरू लागली. देवाचे दोन मोठे उत्सव नगराच्या पंचांगात बसले. एपिडाउरिया हा उत्सव रहस्यविधींच्या मधल्या दिवसांत आणि अस्क्लेपिएया हा डायोनिससच्या मोठ्या नाट्योत्सवाच्या तोंडावर. खाजगी आरंभ, वाद, मग सार्वजनिक व्यवस्था, हा क्रम ग्रीक जगात पुन्हा पुन्हा दिसतो, पण अथेन्सइतक्या स्पष्टपणे क्वचितच.

वर्षाच्या शेवटी पुजाऱ्याने पदभार सोडताना नवसाच्या वस्तूंची यादी पुढच्या पुजाऱ्याच्या हवाली करायची. या याद्याही दगडावर कोरल्या गेल्या. देवळात कोणती वस्तू कुठे लटकते आहे, कोणी वाहिली, वजन किती. सोन्याचांदीच्या पत्र्यावर ठोकलेले अवयव त्यांत पुष्कळ आहेत, आणि सर्वांत जास्त आहेत डोळे. ज्यांनी वांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेत मेणाचे हातपाय वाहताना माणसे पाहिली आहेत, त्यांना ही यादी वाचताना फारसे परके वाटणार नाही. पण अथेन्सच्या यादीत एक वेगळी गोष्ट आहे. तिच्यात स्त्रियांची नावे भरपूर आहेत. ज्या स्त्रीला लोकसभेत बसता येत नव्हते, जिला न्यायालयात स्वतः उभे राहून बोलता येत नव्हते, तिचे नाव आणि तिने वाहिलेल्या चांदीचे वजन नगराच्या अधिकृत लेखात पिढ्यान्‌पिढ्या राहिले. अथेन्सच्या सार्वजनिक नोंदींत साध्या घरच्या बाईला शिरायचे असेल तर दुखणे आणि नवस ही त्यातली एक मोठी वाट होती. पुजारीपद मात्र पुरुषांकडेच राहिले.

नवसाच्या वस्तू साचत जातात. मग? अथेन्समध्येच ‘वैद्य वीर’ या नावाने पुजल्या जाणाऱ्या एका लहान देवतेच्या देवळासंबंधी इ. स. पूर्व 221-220 चा ठराव आहे. चांदीचे जुने अवयव वितळवून देवासाठी एक सुरई घडवावी, असे लोकसभेने ठरवले आणि त्यासाठी समिती नेमली. वितळवण्याआधी प्रत्येक वस्तूचे वजन आणि वाहणाऱ्याचे नाव दगडावर लिहून ठेवावे, हेही ठरले. कोणाची मांडी, कोणाचे डोळे, सारे एका भांड्यात मिसळले; नावे तेवढी वेगळी राहिली. खाजगी ऋण आणि सार्वजनिक मालमत्ता यांचा असा मेळ मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

देव आणि वैद्य यांच्यात त्या काळी वैर होते, ही समजूत येथेच काढून टाकावी. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकाच्या मध्याच्या एका अथेनी ठरावात म्हटले आहे की नगराची सेवा करणाऱ्या वैद्यांनी वर्षातून दोनदा अस्क्लेपिओस आणि हिगिएया यांना बळी द्यावा, ही वडिलोपार्जित प्रथा आहे. स्वतःसाठी आणि आपण बऱ्या केलेल्या रोग्यांसाठीही. औषधाने बरा झालेला रोगीसुद्धा असा देवाच्या हिशेबात येत होता.

आता एपिडाउरोस. येथे मी थोडा जास्त थांबणार आहे.

इ. स. पूर्व चौथ्या शतकाच्या पहिल्या अर्ध्या भागात येथे देवाचे नवे मंदिर उभे राहिले. त्याच्या बांधकामाचा जमाखर्च दगडावर आहे. वास्तुकार थिओडोटोस याला वर्षाला 353 द्राख्मा मिळत, म्हणजे दिवसाला सुमारे एक. हा तर चांगल्या कुशल कारागिराचाच दर. काम चार वर्षे आणि आठ महिन्यांत पुरे झाले. हा खर्च झाला तो रोग्यांच्या ओढीवर: दूरदूरच्या नगरांतून माणसे येत होती आणि येण्यासाठी त्यांना कारण पुरवणाऱ्या कथा देवस्थानाने दगडावर लावून ठेवल्या होत्या. इ. स. दुसऱ्या शतकात प्रवासवर्णनकार पौसानियास तेथे गेला तेव्हा असे सहा दगड उभे होते. पूर्वी जास्त होते, असे तो सांगतो. 1881 पासून कावादियास यांनी केलेल्या उत्खननात त्यांतले काही सापडले. आज सुमारे सत्तर कथा वाचता येतात.

या कथा वाचताना हसू येते आणि ते यावे अशीच त्यांची रचना आहे. अथेन्सची आंब्रोसिया एका डोळ्याने आंधळी. आवारात फिरताना लंगडे आणि आंधळे नुसत्या स्वप्नाने बरे होतात, हे वाचून ती हसली. रात्री देवाने तिला सांगितले, बरी करतो, पण तुझ्या अज्ञानाची आठवण म्हणून चांदीचे डुक्कर वाहायचे. युफानीस या मुतखड्याने त्रासलेल्या पोराला देवाने विचारले, बरा केला तर काय देशील? पोर म्हणाले, दहा गोट्या. या गोट्या म्हणजे खेळायची हाडे. देव हसला आणि सकाळी पोर बरे झाले. थासोसचा हेर्मोन आंधळा होता. दृष्टी आली, पण देणे चुकवले नाही म्हणून पुन्हा गेली. परत येऊन झोपला तेव्हा परत मिळाली. आणि लॅकेडेमोनची आराटा: तिला जलोदर. ती घरीच राहिली आणि तिची आई तिच्यासाठी एपिडाउरोसला येऊन झोपली. आईला स्वप्नात दिसले की देवाने मुलीचे डोके कापून तिला उलटे टांगले, पाणी वाहून गेले आणि डोके परत बसवले. आई घरी पोहोचली तर मुलगी बरी, आणि मुलीनेही तेच स्वप्न पाहिलेले.

या कथा रोग्यांनी लिहिलेल्या नाहीत. त्या देवस्थानाने निवडल्या, घासूनपुसून घेतल्या आणि अशा जागी लावल्या की झोपायला जाणाऱ्याने आधी त्या वाचाव्यात. त्यांना रुग्णांचे केसपेपर समजून आंब्रोसियाच्या डोळ्याला नेमके काय झाले होते याची चर्चा करणारे आधुनिक डॉक्टर मला गमतीचे वाटतात. सर्वांत खाजगी अनुभव इथे सार्वजनिक वाचनासाठी तयार केला गेला. कोणाचे मूल होत नव्हते, कोणाच्या पोटात जंत होते, कोणाच्या कपाळावर डाग होते, ते नावगावासकट साऱ्या ग्रीसने वाचले. पाच शतकांनंतर मार्कस यूलिअस आपेल्लास नावाच्या एका सधन माणसाने येथेच आपली हकिकत कोरून ठेवली. देवाने त्याला सांगितलेले पथ्य त्यात आहे: चीज आणि भाकरी खा, लेट्यूसबरोबर अजमोदाची पाने खा, न्हाणीच्या सेवकाची मदत न घेता आंघोळ कर, पण सेवकाला एक द्राख्मा दे. प्रवासात देवाने त्याला फार चिडू नकोस असेही बजावले होते. शेवटी देवाने फी चुकवायला सांगितली, आणि हे सारे लिहून ठेवायलाही.

एपिडाउरोसला केवळ रोगी येत होते असे मात्र नाही. येथे दर चार वर्षांनी उत्सव भरे, त्यात शर्यती आणि काव्यगायनाच्या स्पर्धा होत. प्लेटोच्या ‘आयोन’ या संवादातला गायक तेथूनच बक्षीस जिंकून आलेला आहे. प्रसिद्ध नाट्यगृह याच आवारात आहे. इसिलोस नावाच्या एका एपिडाउरोसवासीयाने एक ठराव मांडला आणि तो आपल्या कवितेसह दगडावर लिहून ठेवला. नगरातल्या निवडक पुरुषांनी पांढरी वस्त्रे नेसून, केस मोकळे सोडून, हातात ऑलिव्हच्या फांद्या घेऊन अस्क्लेपिओसकडे जावे आणि सर्व नागरिकांसाठी व त्यांच्या मुलाबाळांसाठी आरोग्य मागावे, अशी ती मिरवणूक. आरोग्याबरोबर सुव्यवस्था, शांतता आणि संपत्तीही मागायची. एकट्याची तब्येत आणि नगराची तब्येत येथे एकाच मिरवणुकीतून मागितल्या जातात. कल्पना मात्र एका माणसाची.

आवाराचे एक बंधन पौसानियास सांगतो. हद्दीत कोणी मरायचे नाही आणि कोणी बाळंत व्हायचे नाही. रोग बरे करणाऱ्या देवाच्या दारातून मरणाऱ्याला उचलून बाहेर ठेवत असत. पौसानियासच्या काळात अँटोनिनस नावाच्या रोमन सिनेटसदस्याने अशांसाठी हद्दीलगत घर बांधून दिले. सार्वजनिक नियमाची ही भेग एका खाजगी देणगीने बुजली.

कोस बेटाबद्दल एक गोष्ट पुरे. इ. स. पूर्व 242 मध्ये कोसने ग्रीक जगभर दूत पाठवून आपले अस्क्लेपिओस-देवस्थान अभेद्य मानावे अशी मागणी केली आणि राजांची व नगरांची पत्रे मिळवली. त्याच शतकातला हेरोडास हा कवी मात्र आपल्या एका लहानशा नाट्यप्रसंगात दोन साध्या बायका दाखवतो. त्या देवाला कोंबडा वाहतात, मूर्ती पाहून हरखतात, कोंबड्याची एक तंगडी सेवकाला देतात आणि बाकीचा घरी खायला नेतात. दोन्ही चित्रे एकाच देवाची.

पर्गामोनला देव आला तो आर्खिआस नावाच्या एका जखमी शिकाऱ्यामुळे. तो एपिडाउरोसला बरा झाला आणि देवाला घेऊन आला, असे पौसानियास सांगतो. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातल्या ठरावात पुजारीपद त्याच्या वंशातल्या आस्क्लेपिआडीसला आणि त्याच्या वारसांना कायमचे दिले आहे. बळींचा उजवा पाय, कातडी, करमाफी, स्पर्धांत पहिल्या रांगेतली जागा. अथेन्सने जे पद चिठ्ठीवर टाकले, ते पर्गामोनने वतन करून दिले. याच पर्गामोनात इ. स. 145 च्या सुमारास एलिअस अ‍ॅरिस्टायडिस हा वक्ता दोन वर्षे देवाच्या आश्रयाला राहिला. त्याच्या ‘पवित्र कथा’ या सहा भागांतल्या लेखनाइतके आत्ममग्न रोगवर्णन प्राचीन काळातून दुसरे आलेले नाही. पण मला त्यातला सर्वांत बोलका भाग स्वप्नांचा वाटत नाही. स्मर्ना शहराने त्याला अस्क्लेपिओसच्या नव्या देवळाचे पुजारीपद देऊ केले, तेव्हा देवाच्या आज्ञेशिवाय मी काही स्वीकारत नाही, असे सांगून त्याने ते टाळले. देवाचा सर्वांत निष्ठावंत भक्त देवाची सार्वजनिक चाकरी मात्र अंगाला लावून घेत नाही.

रोममध्ये सगळे उलटे आहे. तेथे देव सरकारी दूतमंडळाने आणला. साथीमुळे इ. स. पूर्व 293 मध्ये दैवी ग्रंथांचा सल्ला घेतला गेला, दूत एपिडाउरोसला गेले आणि 291 मध्ये सर्प टायबरमधल्या बेटावर उतरला. पुढे त्याच बेटावर मालक आपले आजारी गुलाम नेऊन सोडू लागले. क्लॉडिअस सम्राटाने कायदा केला: असा सोडलेला गुलाम बरा झाला तर तो स्वतंत्र; आणि सोडण्याऐवजी मारला तर तो खून. घरातला निर्णय कायद्याच्या कक्षेत आला तो या देवळामुळे.

शेवटचा दाखला इ. स. पाचव्या शतकातल्या अथेन्सचा. सार्वजनिक यज्ञ बंद पडले होते आणि देवळाला कोणाचा आधार उरला नव्हता. तत्त्ववेत्ता प्रोक्लस एका आजारी मुलीसाठी, आस्क्लेपिगेनेयासाठी, अक्रोपोलिसखालच्या देवळात प्रार्थनेला गेला. तो लोकांच्या नजरा चुकवून गेला, असे त्याचा चरित्रकार मारिनस लिहितो. घर देवळालगत असल्याचा त्याला फायदा झाला. आठ-नऊ शतकांपूर्वी ओरोपोसला नाव फळीवर लिहून चारचौघांत करायची गोष्ट आता लपून करावी लागत होती.

वाचकांना एकच विनंती. ग्रीक नावे मी शक्यतो ग्रीक उच्चाराजवळ ठेवली आहेत. अपोलो, प्लेटो यांसारखी रुळलेली नावे तशीच राहू दिली आहेत. चमत्कारकथांचे प्रकरण सर्वांत रंजक आहे हे मला माहीत आहे, पण ते आधी वाचू नका. आधी ओरोपोसचे नियम आणि अथेन्सच्या नवसाच्या याद्या वाचा, आणि मग एपिडाउरोसला जा.